गर्भनलिका बंद असतील तर: कधी दुरुस्ती, कधी काढून टाकणं

'दोन्ही नळ्या बंद आहेत.' रिपोर्टवरची ही एक ओळ वाचून कितीतरी बायकांच्या पायाखालची जमीन सरकते. त्यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो: ऑपरेशन करून उघडता येतील ना? प्रश्न साहजिक आहे. तुंबलेलं मोकळं केलं की काम भागतं, हे आपण रोज अनुभवतो. गर्भनलिकेच्या बाबतीत मात्र हा हिशोब निम्माच खरा ठरतो. नळी उघडणं वेगळं आणि ती पुन्हा कामाला लागणं वेगळं. एवढं एक नीट ध्यानात आलं की डॉक्टर एकीची नळी दुर्बिणीतून दुरुस्त करतात, दुसरीला ऑपरेशन नकोच म्हणून टेस्ट ट्यूब बेबीचा सल्ला देतात आणि तिसरीला चक्क नळी काढून टाकायला सांगतात, ते का, हेही उमगायला लागतं.

आधी नळी जवळून पाहू. गर्भाशयाच्या वरच्या दोन कोपऱ्यांतून दोन बाजूंना एकेक नळी निघते. लांबी साधारण 10 ते 12 सेंटीमीटर. सुरुवातीचा भाग गर्भाशयाच्या जाड स्नायूतूनच जातो आणि तिथली वाट एक मिलिमीटरहूनही अरुंद असते. पुढे नळी रुंदावत जाते आणि अंडाशयाजवळच्या टोकाला तिला मऊ झालर असते. इटलीतल्या गाब्रिएले फालोप्पिओ या शरीररचनेच्या अभ्यासकाने 1561 साली तिचं बारकाईने वर्णन केलं. त्याला तिचा आकार तुतारीसारखा वाटला होता. फॅलोपियन ट्यूब हे नाव त्याच्यावरूनच पडलं.

स्त्रीबीज अंडाशयातून बाहेर पडतं ते थेट नळीत पडत नाही. ही झालर अंडाशयावरून फिरते आणि बीज अलगद उचलून आत घेते. त्यासाठी झालर मोकळी हवी, हलती हवी. नळीच्या आतल्या अस्तराला दाट घड्या असतात, चुणीदार कापडासारख्या. त्या घड्यांवरच्या पेशींना डोळ्यांना न दिसणारे केस असतात आणि ते सगळे गर्भाशयाच्या दिशेने लयीत हलत राहतात. शेजारच्या पेशी पोषक द्रव पाझरतात. शुक्राणू उलट्या दिशेने वर येतात, नळीच्या रुंद भागात बीजाशी त्यांची गाठ पडते आणि तयार झालेला गर्भ पुढचे तीन-चार दिवस नळीतच वाढत, विभागत, हळूहळू गर्भाशयाकडे सरकतो. म्हणजे नळी हा नुसता रस्ता नाही. उचलून घेणं, जपणं, भरवणं आणि वेळेवर पोचवणं ही सगळी कामं तिचीच. शस्त्रक्रिया भोक पाडू शकते, चिकटलेलं सोडवू शकते, तुटलेलं शिवू शकते. जळालेलं अस्तर मात्र कोणत्याही सर्जनला पुन्हा उगवता येत नाही.

मूल न होण्याची जी कारणं स्त्रीच्या बाजूला सापडतात, त्यांत साधारण 25 ते 35 टक्के वेळा नळीचा दोष असतो. बहुतेक वेळा त्याच्या मुळाशी जुना जंतुसंसर्ग असतो. लैंगिक संबंधातून पसरणारा क्लॅमिडिया हा त्यातला सर्वांत फसवा. तो अनेकींना कळतही नाही. ना ताप, ना फारसं दुखणं. जंतू औषधाने किंवा शरीराच्या प्रतिकाराने जातात, पण जाताना मागे व्रण सोडतात. स्वीडनमधल्या लुंड शहरात लार्स वेस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी ओटीपोटातला संसर्ग झालेल्या बायकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. त्यांच्या 1992 सालच्या निष्कर्षांनुसार एकदा असा आजार झालेल्यांपैकी सुमारे 8 टक्के बायकांना नळ्यांमुळे वंध्यत्व आलं, दोनदा झालेल्यांत सुमारे 20 टक्के, आणि तीन किंवा अधिक वेळा झालेल्यांत 40 टक्के. म्हणून ओटीपोटातल्या संसर्गावर औषध चालू झालं असेल तर 'आता बरं वाटतंय' म्हणून ते मध्येच सोडू नये, आणि जोडीदाराचेही उपचार त्याच वेळी व्हावेत.

इथे एक गोष्ट मनापासून सांगाविशी वाटते. नळ्या बंद निघाल्या की घरात संशयाची कुजबुज सुरू होते आणि बाई स्वतःलाच दोष देत बसते. नळ्या खराब होण्यामागे फुटलेलं अपेंडिक्स असू शकतं, पोटाचं जुनं ऑपरेशन असू शकतं, एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, असू शकतो, आधी नळीत राहिलेला गर्भ असू शकतो, क्षयरोग असू शकतो. आणि संसर्ग असलाच तर तो बहुधा जोडीदाराकडूनच आलेला असतो. रिपोर्टवरून कुणाच्या चारित्र्याचा निवाडा करता येत नाही.

क्षयरोगाचं प्रकरण वेगळं आहे. हे जंतू सहसा फुप्फुसांतून रक्तावाटे नळ्यांपर्यंत पोचतात आणि जननेंद्रियांच्या क्षयात जवळजवळ प्रत्येक वेळी नळ्यांवर घाला पडतो. औषधांचा कोर्स पुरा केला की आजार बरा होतो, पण नळीच्या भिंती कडक होऊन गेलेल्या असतात. क्षयाने खराब झालेली नळी शस्त्रक्रियेने उघडण्याच्या फंदात पडू नये, असंच जाणकार सांगतात. उघडली तरी ती काम करत नाही, वर नळीत गर्भ राहण्याचा धोका असतो. शिवाय गर्भाशयाच्या अस्तरालाही इजा झालेली असू शकते, म्हणून पुढचं काही ठरवण्याआधी ते तपासावं लागतं.

आता नळ्या बंद आहेत हे कळतं कसं ते पाहू, कारण घोळ बऱ्याचदा इथेच होतो. पहिली तपासणी म्हणजे डाय, म्हणजे एक्स-रेवर उठून दिसणारा द्रव, सोडून काढलेला एक्स-रे, एचएसजी. पाळी संपल्यावर, बीज फुटायच्या आधी ती करतात. गर्भाशयात हळूहळू डाय सोडला जातो. पडद्यावर आधी एक पांढरा त्रिकोण भरतो, मग त्याच्या दोन कोपऱ्यांतून दोन बारीक रेघा निघतात, वळणं घेत जाड होतात आणि टोकाशी डाय धुरासारखा पोटात पसरतो. असा पसरला म्हणजे वाट मोकळी. टोकाशी फुगा होऊन तिथेच थांबला तर झालरीचं तोंड मिटलेलं. आणि रेघ निघालीच नाही तर?

तर लगेच घाबरून जाऊ नये. गर्भाशयाला लागून असलेला तो अरुंद भाग दुखण्याने आवळला जाऊ शकतो, किंवा तिथे चिकट स्रावाची गुठळी अडकलेली असू शकते. नळी धडधाकट असूनही एक्स-रेवर बंद दिसते. असं पुष्कळदा होतं. एका फोटोवरून 'सुरुवातीलाच ब्लॉक' असा शिक्का मारून मोकळं होणं मला मुळीच पटत नाही. पुन्हा तपासणी करावी किंवा दुसऱ्या पद्धतीने खात्री करावी. उलट बाजूही आहे: डाय पसरला म्हणून आतलं अस्तर निरोगी आहे किंवा नळीभोवती जाळी, म्हणजे नळीला आजूबाजूच्या अवयवांशी चिकटवणारे व्रणांचे पट्टे, नाहीत, हे एक्स-रे छातीठोकपणे सांगू शकत नाही. जाता जाता एक चांगली बातमी. हा डाय तेलातला वापरला तर तपासणीनंतर दिवस राहण्याची शक्यताच वाढते, असं नेदरलँड्समधल्या 1,119 बायकांच्या अभ्यासात दिसलं. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सहा महिन्यांत तेलाच्या गटात 39.7 टक्के आणि पाण्यातल्या डायच्या गटात 29.1 टक्के जणींना गर्भ राहिला. मात्र त्या बायका नळ्या खराब असण्याचा धोका कमी असलेल्या होत्या. खरोखर बिघडलेल्या नळीला हा आकडा लावू नये.

खरी परीक्षा दुर्बिणीतून होते. पूर्ण भूल देऊन बेंबीजवळच्या छोट्या छेदातून कॅमेरा आत जातो आणि पोट वायूने फुगवून जागा केली जाते. मग खालून, गर्भाशयाच्या तोंडातून, निळा रंग ढकलतात. ऑपरेशन थिएटरमधल्या सगळ्यांची नजर पडद्यावर खिळलेली असते. नळी चांगली असेल तर तिच्या गुलाबी भिंतीतून आधी निळसर झाक येते, मग झालरीतून निळं पाणी ओघळतं. कधी नळी निळीशार फुगत जाते आणि एक थेंबही बाहेर पडत नाही. कधी काहीच हलत नाही. याच वेळी सर्जन कॅमेरा वर वळवून यकृताकडेही पाहतात. यकृताच्या वर तारांसारखे ताणलेले धागे दिसले, तर ती क्लॅमिडिया किंवा गोनोरिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजारांच्या जुन्या संसर्गाची खूण मानतात.

यापुढे सगळं अवलंबून असतं ते नळी कुठे बंद आहे आणि कशी बंद आहे यावर.

गर्भाशयाजवळ बंद असेल तर पोट न कापता वाट काढता येते. गर्भाशयाच्या तोंडातून बारीक दुर्बीण आत घालतात, नळीचं भोक समोर आणतात आणि अगदी मऊ टोकाची तार नळीत सरकवतात. वरून पोटातल्या दुर्बिणीने लक्ष असतंच. गुठळी असेल तर ती सुटते आणि निळा रंग वाहू लागतो. अशा सुमारे 85 टक्के नळ्या उघडतात, पण त्यातल्या साधारण एक तृतीयांश पुढे पुन्हा बंद होतात. तार टणक अडथळ्याला टेकली तर जोर करायचा नसतो. तिथे व्रण पडून मांसच घट्ट झालेलं असतं, आणि रेटलं तर नळीला भोक पडतं. अशा वेळी थांबणारा सर्जन चांगला सर्जन समजावा.

दुसऱ्या टोकाला, म्हणजे झालरीपाशी, गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. झालरीची बोटं एकमेकांना चिकटली असतील पण तोंड पुरतं मिटलं नसेल, तर ती सोडवून मोकळी करता येतात. तोंड पूर्ण मिटलं की आतला स्राव साचतो आणि नळी फुगते. यालाच हायड्रोसाल्पिंक्स म्हणतात. बायका सांगतात, 'नळीत पाणी झालंय.' ही नळी उघडायची झाली तर सर्जन आधी तिच्याभोवतीची जाळी सोडवतात. मग निळ्या रंगाने नळी फुगवून घेतात, म्हणजे मिटलेल्या तोंडाची जुनी खूण, एखाद्या सुरकुतलेल्या बेंबीसारखी, टोकावर दिसू लागते. त्या खुणेवर छेद देऊन कडा फुलाच्या पाकळ्यांसारख्या बाहेर उलगडतात. पाकळ्या पुन्हा मिटू नयेत म्हणून बारीक टाके घालतात, किंवा बाहेरच्या बाजूला हलका शेक देऊन त्या मागे वळवतात.

आणि इथेच सर्जन आत डोकावतात. अस्तराच्या घड्या शाबूत, गुलाबी, भरगच्च दिसल्या, भिंत पातळ आणि लवचीक असली, नळी तीन सेंटीमीटरहून कमी फुगलेली असली आणि आजूबाजूला जाळी थोडी असली, तर दुरुस्तीला अर्थ आहे. अशा नळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर निम्म्याहून अधिक बायकांना गर्भाशयात गर्भ राहिल्याचे अहवाल आहेत. उलट आत घड्याच नसतील, भिंत जाड आणि चामड्यासारखी झाली असेल, तर कितीही सुबक उघडली तरी पाचात एकीला यश येणंही अवघड. नळी दोन्ही टोकांना बंद असेल, तर दुरुस्तीचा नाद सोडावा.

मग अशा नळीचं करायचं काय? तशीच ठेवून टेस्ट ट्यूब बेबी करावी, असं कुणालाही वाटेल. गर्भ तर थेट पिशवीतच सोडायचा, नळीचा संबंध येतोच कुठे? तो येतो. साचलेलं पाणी उलटं गर्भाशयात झिरपत राहतं. त्यात दाहातून आलेले घटक असतात, गर्भ रुजण्याच्या जागेवर त्याचा वाईट परिणाम होतो, आणि नुकताच सोडलेला गर्भ त्या पाण्याने सरकूही शकतो. नळीत असं पाणी असताना आयव्हीएफचं, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराचं, यश जवळपास निम्म्यावर येतं. स्कँडिनेव्हियातल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या आणि 1999 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही बायकांच्या अशा नळ्या आधी काढल्या आणि काहींच्या तशाच ठेवल्या. पहिल्याच आयव्हीएफनंतर मूल होण्याचं प्रमाण नळ्या काढलेल्यांत 28.6 टक्के आणि ठेवलेल्यांत 16.3 टक्के निघालं.

आकडे पटतात, पण मन लगेच मानत नाही. मूल व्हावं म्हणून दवाखान्याची पायरी चढलेल्या बाईला नळी काढून टाका म्हणणं म्हणजे उरलीसुरली आशाही कापून टाकल्यासारखं तिला वाटतं. हा निर्णय घेताना पुरेसा वेळ मिळायला हवा आणि पुन्हा पुन्हा विचारायची मुभा हवी. विचारण्यासारखी एक गोष्ट म्हणजे अंडाशयाच्या रक्तपुरवठ्याचं काय. नळी आणि अंडाशय यांना जाणाऱ्या रक्तवाहिन्या एकमेकींना अगदी लागून असतात. म्हणून नळी काढताना छेद नळीला बिलगूनच घ्यावा लागतो, नाहीतर अंडाशयाला झळ बसू शकते. जाळी इतकी घट्ट असतील की नळी सोडवताना आतड्याला किंवा अंडाशयाला धोका आहे, तर नळी न काढता गर्भाशयाजवळ क्लिप लावून फक्त पाण्याची वाट बंद करता येते.

नळी आतून चांगली आणि फक्त बाहेरून जाळ्यांत अडकलेली असेल, तर ती जाळी दुर्बिणीतून सोडवणं फायद्याचं ठरतं. कॅनडातल्या 1990 सालच्या एका अभ्यासात जाळी सोडवलेल्यांपैकी वर्षभरात 32 टक्के जणींना दिवस राहिले, न सोडवलेल्यांपैकी 11 टक्के.

कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झाल्यावर परिस्थिती बदलते, कुणाचं मूल जातं, कुणाचं दुसरं लग्न होतं, आणि नळ्या पुन्हा जोडून हव्या असतात. इथे नळी चक्क कापलेली किंवा बांधलेली असते, तरी नळीच्या सगळ्या शस्त्रक्रियांत यशाची सर्वांत चांगली आशा इथेच. कारण तेच जे सुरुवातीला सांगितलं: या नळीला आजार झालेला नसतो. अस्तर, घड्या, झालर, सगळं जागेवर असतं, फक्त मधला तुकडा गेलेला असतो. 1970च्या दशकात कॅनडात व्हिक्टर गोमेल आणि इंग्लंडमध्ये रॉबर्ट विन्स्टन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने ही नळी जोडायचं तंत्र घडवलं. आता ते दुर्बिणीतूनही करतात. यश तीन गोष्टींवर ठरतं: बाईचं वय, जोडल्यावर उरणारी लांबी, जी चार सेंटीमीटर तरी हवी, आणि नळी आधी कशी बंद केली होती ते. रिंग किंवा क्लिप लावलेली असेल तर थोडाच भाग खराब होतो. करंट देऊन जाळलेली असेल तर बराच. म्हणून जुन्या ऑपरेशनचे कागद शोधून डॉक्टरांना दाखवावेत.

टेस्ट ट्यूब बेबीचं तंत्र मुळात नळीच्या दोषावर तोडगा म्हणूनच पुढे आलं. 25 जुलै 1978 रोजी इंग्लंडमधल्या ओल्डहॅम इथे जन्मलेल्या लुईस ब्राउनच्या आईच्या, लेस्ली ब्राउनच्या, नळ्या बंद होत्या आणि ती नऊ वर्षं मुलाची वाट पाहत होती. मग आज नळीची दुरुस्ती करावीच कशाला? कारण दुरुस्ती यशस्वी झाली तर दर महिन्याला आपोआप संधी मिळते, हार्मोनची इंजेक्शनं लागत नाहीत, आणि एकाच ऑपरेशनवर दुसरं मूलही होऊ शकतं. तिशीच्या आतबाहेरची बाई, चांगल्या अस्तराची नळी, नवऱ्याचा वीर्य तपासणीचा रिपोर्ट ठीक, असं सगळं जुळत असेल तर दुरुस्तीला पहिली संधी द्यावी, असं माझं मत आहे. वय 35च्या पुढे गेलं असेल, बीजांचा साठा कमी असेल, शुक्राणू कमी असतील किंवा नळी आतून उद्ध्वस्त असेल, तर ऑपरेशनमध्ये वर्ष घालवणं परवडणारं नसतं. वीर्य तपासणी न करताच बाईला ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं जात असेल, तर तिथेच थांबून आधी ती तपासणी मागावी. ती साधी आहे, आणि तिच्यावाचून हा निर्णय अर्धवट राहतो.

दुरुस्तीनंतर किती थांबायचं, हे ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांशी ठरवून घ्यावं. बहुतेक यश पहिल्या वर्ष-दीड वर्षात येतं. तरुण बाईने साधारण वर्षभर आणि वय जास्त असेल तर सहाएक महिने वाट पाहून पुढचा मार्ग धरावा.

आणि नळीच्या कोणत्याही दुरुस्तीनंतर एक धोका कायम राहतो: गर्भ नळीतच रुजण्याचा. वाट उघडलेली असते, पण आत ढकलणारे केस कमी झालेले असतात, म्हणून गर्भ मध्येच अडकतो. पाळी आठवडाभर चुकली तर वाट न पाहता घरी तपासणी करावी. ती पॉझिटिव्ह आली की लगेच डॉक्टरांना कळवावं, रक्तातली बीटा एचसीजी, म्हणजे गर्भ राहिल्यावर वाढणाऱ्या हार्मोनची, तपासणी करावी आणि वेळेवर सोनोग्राफी करून गर्भ पिशवीतच आहे याची खात्री करून घ्यावी. पोटात एका बाजूला दुखणं, थोडं थोडं रक्त जाणं, चक्कर, खांद्याच्या टोकाशी कळ येणं, यातलं काहीही झालं तर रात्र असो की सुट्टी, इस्पितळ गाठावं. वेळीच कळलं तर नळीतला गर्भ बऱ्याचदा इंजेक्शनने विरघळवता येतो. नळी फुटली तर मात्र जीव वाचवण्यासाठी तातडीचं ऑपरेशन करावं लागतं, आणि तेव्हा ती नळी बहुतेक वेळा काढूनच टाकावी लागते.